यंत्रसेनाला शेवटी रडवायलाच हवं होतं का?

धुऱ्यावरचा

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या रात्री आमच्याकडे (तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा) झालेल्या नाटकावरून पानठेल्यावर अजून वाद पेटलेला आहे. तिथे ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो, म्हणून इथे लिहितो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. रोवणीच्या (धानाच्या लावणीच्या) प्रात्यक्षिकासाठी सरकार गावात एक रोबोट पाठवतं, नाव यंत्रसेन. दोन ओळींत २० आणि दोन रोपांत १५ सेंटीमीटर अंतर, एवढंच त्याच्या डोक्यात भरलेलं. बाकीच्या बायांच्या ओळी तो मोजतो, 'मान्य' म्हणतो आणि पुढे सरकतो. मंदाची ओळ मात्र वाकडी. १७, २३, १८, पुन्हा २३. तो 'चूक आढळली' म्हणतो, धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) जातो आणि परत येऊन तीच ओळ मोजतो. पुन्हा 'चूक आढळली'. अंधार पडतो, बाया घरी निघतात, हा चिखलात एकटाच ओळ मोजतोय. मंदा विसरलेला डबा न्यायला परत येते तेव्हा तिला म्हणतो, 'चूक आढळली. कृपया उद्याही करावी.'

मंडप नुसता फुटला. प्रेमात पडल्याची इतकी सरकारी कबुली मी तरी ऐकली नव्हती.

दुसरा अंक त्याहून भारी. यंत्रसेन खात्याचा, म्हणजे सरकारी नोकर, ही बातमी पसरते आणि पोरींचे बाप त्याच्या दाराशी रांग लावतात. मंदाचा बाप विचारतो, 'पेन्शन आहे का?' त्यात शेतीच्या लाइनीचा, म्हणजे विजेचा घोळ. एक आठवडा दिवसा आठ तास, दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा तास, आणि यंत्रसेन चार्ज होतो थ्री फेजवर. दिवसपाळीच्या आठवड्यात हा प्रियकर, रात्रपाळीच्या आठवड्यात मंदा भेटायला येते तेव्हा मेलेला.

आणि तिसरा अंक? वीज कोसळते, यंत्रसेनाला 'हृदय' येतं, तो माणसासारखा हुंदके देतो. मंदावर जीव असलेल्या गुलाबला साप चावतो, दवाखान्यातली लाइट जाते, यंत्रसेन स्वतःची बॅटरी काढून देतो आणि मंदाच्या मांडीवर प्राण सोडतो. ऑर्गनवर करुण सूर, मंडपात पदर डोळ्यांना.

माझं म्हणणं एवढंच, की तो माणूस झाला त्या क्षणी नाटक मेलं. मांडीवर मरणारे प्रियकर झाडीपट्टीत, आमच्या पूर्व विदर्भाच्या रंगभूमीवर, दर हंगामाला पोत्याने येतात. मोजून प्रेम करणारा एकच होता, त्याला घालवला.

गादीतिकीट

भाऊ, तू कुठं बसला होतास? खुर्चीवर ना? मी खाली गादीवर होतो. दहा वाजता पडदा उघडते, पहाटेपर्यंत नाटक चालते. कार्तिकातली थंडी, अंगावर घोंगडं, मांडीवर पोट्टं झोपलेलं. दोन अंक हसवलं, मग तिसऱ्यात पण हसवत बसला तर लोक मंडपातच घोरतील. रडं आलं म्हणजे झोप उडते. झाडीपट्टीचे जुने नट अडाणी नव्हते बाप्पा, त्यायनं लोकायले पाहूनच अंक बसवले.

अन् पैसे कोन देते? मंडळ नाटक विकत घेते, तिकिटं विकून तो पैसा उभा करते. माय-बहिनी 'रडवलं का नाही' हे विचारूनच दुसऱ्या गावाले सांगतात. बिना रडायचं नाटक पुढच्या वर्षी कोन घेन?

धुऱ्यावरचा

मी जमिनीवर होतो, खुर्ची नव्हती मिळाली. आणि रडू नको असं मी म्हणतच नाही. यंत्रसेन माणूस न होताही रडवता आलं असतं. समज, प्रात्यक्षिक संपलं, खात्याची गाडी त्याला न्यायला आली. जाताना तो मंदाच्या ओळीतलं एक रोप उपटून पुन्हा २३ वर लावतो. बस. त्याला हृदय कशाला?

निवृत्त गुरुजी

दोघांनीही जरा मागे पाहावे. यंत्रमानवाचे प्रेम हा विषय काही कालचा नव्हे. चेक लेखक कारेल चापेकने १९२० साली 'आर. यू. आर.' नाटक लिहिले, रोबोट हा शब्द जगाला तिथूनच मिळाला. त्याच्या शेवटी एक रोबोट आणि एक रोबोटीण एकमेकांसाठी मरायला तयार होतात. म्हणजे शेवटी यंत्राला हृदय फुटणे ही परंपराच म्हणा. झाडीपट्टीने ती पाळली तर बिघडले कुठे?

त्याहून जुने हवे असेल तर तोखारी या मध्य आशियातल्या जुन्या भाषेतले पुण्यवंत जातक ही बौद्ध कथा घ्या. एका यंत्रकाराकडे चित्रकार पाहुणा येतो. रात्री सेवेला एक देखणी मुलगी उभी. चित्रकार तिच्यावर भाळतो, हात धरतो, आणि ती तुटून पडते, कारण ती लाकडाची. लाजलेला चित्रकार मग भिंतीवर स्वतःने गळफास घेतल्याचे असे हुबेहूब चित्र काढतो की सकाळी यंत्रकाराची बोबडी वळते. घ्या, हा तर आपल्या मंडपात सहज बसेल असा फार्स. आणि त्यात कोणी रडत नाही, हे धुऱ्यावरच्यांच्या बाजूने नमूद करतो.

धुऱ्यावरचा

गुरुजी, नमस्कार. जातक माझ्या बाजूचं, तेवढं पकडून ठेवतो. चापेकचं मात्र वेगळं आहे. तिथे प्रेमात पडतात ते दोघेही रोबोट, आणि तोवर माणूसजात जवळजवळ संपलेली असते, हसायला उरलंय कोण? आमच्या मंडपात हजारभर माणसं जिवंत बसली होती.

रोवणीवाली

सगळे यंत्रसेनाचंच बोलता. मंदाचं कोणी बोलत नाही.

मी रोवणी करते, ठेक्याने जातो आम्ही बाया. ओळ वाकडी का येते ते सांगू? मागं सरकत रोवावं लागते. डाव्या हातात परह्याची (रोपांची) जुडी, उजव्यानं खुपसत जायचं. पाठ वाकलेली, टाचेखाली चिखल कुठं घट्ट कुठं पातळ, कुठं पाय पोटरीपर्यंत रुततो. तिथं हात घाईत पडतो आणि अंतर वाढतं. ते २३ सेंटीमीटर म्हणजे मंदाचा पाय रुतलेला आहे. यंत्रसेनाने ओळ शंभरदा मोजली, पाय एकदाही पाहिला नाही. याला प्रेम म्हणायचं?

तिसऱ्या अंकात मंदा काय बोलते ते आठवा. 'नाही!', 'यंत्रसेना!' आणि 'मला सोडून जाऊ नकोस!' झालं. गुलाब की यंत्रसेन हे ठरवतो बाप, नाही तर साप. तिला कोणी विचारलंच नाही.

तीस ओलांडलेला

मी दुसऱ्या अंकावर बोलतो, ज्याला सगळे भारी म्हणून रायले.

सरकारी रोबोटले पोरी मिळतात अन् तीन एकर धानाच्या गुलाबले मिळत नाही, यावर मंडप हसला. माझ्या शेजारचा माझ्याकडेच पाहून हसला. मंडईले पाहुणे येतात, सोयरिकीच्या गोष्टी तिथंच निघतात. त्याच रात्री, त्याच मंडपात तो विनोद. माझ्या आईनं दुपारी ज्या पाहुण्याले चहा पाजला तो पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. पोरगा नोकरीवर पाहिजे, शेती पण पाहिजे, पण पोरगा शेतात नको, असं सांगून गेला होता तो.

म्हणून मले तिसरा अंक आवडला. गुलाब वाचला तरी. तुमाले हसायले रोबोट पाहिजे, मले गुलाब जिवंत पाहिजे.

धुऱ्यावरचा

भाऊ, तुझं मनाला लागलं. पण तो प्रसंग पुन्हा आठव. हसू कोणावर आहे? 'पेन्शन आहे का' विचारणाऱ्या बापावर. गुलाब तर तेव्हा गप्प बसून विळ्याला धार लावतोय. पुढच्या रांगेतल्याने टाळी वाजवली कारण त्याला आरसा दिसलाच नाही, तो नाटकाचा दोष कसा?

तीस ओलांडलेला

दोष कोनाचाही असो, चहा माझ्या आईचा गेला.

यवतमाळी बोंड

राजेहो, आमच्या इकडं असा रोबोट आला असता तर त्यानं कापूस वेचला असता, अन् प्रेमात पडायच्या आधीच बिघडला असता. बोंडं एकदम फुटत नाहीत. आज हे, पंधरा दिवसानं ते, तीन-चार वेचे होतात. मशीनले सगळं एकदाच पाहिजे, पानं पण आधी झडलेली पाहिजे. प्रेमाले लागते तेवढा धीर त्याच्यात कुठून येईल?

बाकी आमच्याकडं मंडई नाही, झाडीपट्टी नाही, त्यामुळं तुमच्या भांडणाचा हेवा वाटून रायला.

रोवणीवाली

बोंडभाऊ, रोवणीच्या मशीनचंही तेच. तिला आपले नेहमीचे उपटलेले परहे चालत नाहीत, चटईवर पातळ मातीत वाढवलेली रोपं लागतात, गुंडाळी करून मशीनवर ठेवायची. बांधी (बांध घातलेला शेताचा तुकडा) सपाट पाहिजे, चिखल एकसारखा पाहिजे. आमच्याकडे बांध्या खाटेएवढ्या. नाटकात यंत्रसेन चिखलात सरळ चालतो तिथेच बाया हसल्या होत्या, पुरुषांना वाटलं त्याच्या चालीला हसल्या.

पण सांगते, हसता हसता एकीने विचारलंच, 'पुढच्या साली खरंच आला तर आपली मजुरी?' हा प्रश्न नाटकात असायला हवा होता. मंदाच्या पोटावर येणारा तोच आणि जीव लावणारा पण तोच, यातून केवढं नाटक झालं असतं! लेखकाने साप आणला.

नागपूरचा सॉफ्टवेअरवाला

एक मुद्दा सुटतोय. यंत्र प्रेमात पडत नाही, आपण पडतो. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्राम केला. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, बाकी डोक्यात काही नाही. तो घडताना महिनोन्‌महिने पाहिलेली त्यांची स्वतःची सेक्रेटरी त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात वायझेनबामनाच म्हणाली, जरा बाहेर जाता का? खरा विनोद इथे आहे. यंत्रसेनाला काहीच वाटत नाही आणि अख्खं गाव त्याच्या विरहात रडतंय, असं दाखवायला हवं होतं.

गादीतिकीट

म्हंजे मंडपात जे झालं तेच. पत्र्याच्या डब्यासाठी आमी रडलो. मग तुमचं नाटक झालंच की साहेब, अजून काय पाहिजे?

निवृत्त गुरुजी

गादीतिकीट, आज प्रथमच तुमच्याशी सहमत.

धुऱ्यावरच्यांच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडतो. आपल्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे. १९८३ साली त्यांना धानाच्या उभ्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला ठेवल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, आणि त्यातून एचएमटी हे धानाचे वाण आले. खात्याच्या चौकटीत पाहणाऱ्याने त्या लोंब्या भेसळ म्हणून उपटल्या असत्या. यंत्रसेन 'चूक आढळली' म्हणून परत फिरतो तेव्हा तो पहिल्यांदा दादाजींसारखा पाहतो. तेवढा एक प्रसंग लेखकाने कुठून आणला कोण जाणे, पण तो अस्सल आहे. त्या मानाने तिसरा अंक उसना वाटतो, हे आता मलाही म्हणावे लागते. परंपरा वगैरे ठीक.

पत्र्यातला

नमस्कार मंडळी. यंत्रसेन मीच. नाव सांगत नाही, हंगाम चालू आहे.

आतली गोष्ट ऐका. पोशाख पत्र्याचा, आतून बारदाना शिवलेला, तरी खांदे सोलतात. 'चूक आढळली'च्या आधीचा टुंग आवाज ऑक्टोपॅडवाला देतो. एका गावात त्याला डुलकी लागली आणि मी चार वेळा ओळ मोजत गेलो-आलो, आवाजच नाही. लोकांना तेच जास्त आवडलं, वन्स मोअर आला. तेव्हापासून चार वेळाच जातो. म्हणजे तुम्ही ज्याला लेखकाची करामत म्हणता तिच्यात अर्धा वाटा त्या झोपेचा आहे.

एका गावात 'कुळ कोणतं?' या प्रश्नाला यंत्रसेन सिरीयल नंबर सांगतो तो प्रसंग मंडळाने कापायला लावला. बाकी सगळं चालेल, ते नको म्हणाले. त्यावर तुमच्यापैकी कोणी बोललं नाही, कारण तुमच्याही गावात तो झाला नाही.

आता मुख्य. या नाटकाला शेवट दोन आहेत. एकात मी मरतो. दुसऱ्यात खात्याची गाडी येते, माझी बदली सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात होते आणि मी टपावर बसून जाताना बांधीतली ओळ मोजत राहतो. तालीम दोन्हींची झाली आहे. नाटक ठरवताना मंडळाला विचारतात, हसता पाहिजे का रडता. तुमच्या मंडळाने रडता घेतला.

धुऱ्यावरचा

काय सांगता! बदलीचा शेवट आहे आणि आम्हाला दाखवला नाही? हे ठरवलं कोणी? मी उद्या अध्यक्षांना विचारतो.

गादीतिकीट

विचार ना. मीटिंगमध्ये 'रडता' म्हणून हात वर करनारा पहिला मी होतो. दुसरी तुझी वहिनी.

रोवणीवाली

पत्र्यातले दादा, दोन्ही शेवटांत मंदा काय करते?

पत्र्यातला

पहिल्यात रडते. दुसऱ्यात हात हलवते.

रोवणीवाली

मग तिसरा शेवट लिहायला सांगा. मंदा मुकडदमाला म्हणते, ठेका एकराने ठरला होता, सेंटीमीटरने नाही, मशीन आली तरी आमचे पैसे ठरल्याप्रमाणे द्या. आणि यंत्रसेन मध्ये पडून म्हणतो, 'मान्य'.

पत्र्यातला

ताई, हे घ्यायला हरकत नाही. लेखक वडशाला कंपनीच्या ऑफिसात संध्याकाळी भेटतो, त्याला सांगतो. फक्त 'मान्य'च्या आधी टुंग लागेल, ऑक्टोपॅडवाल्याला जागं ठेवावं लागेल.

तीस ओलांडलेला

अन् त्या शेवटात गुलाबले साप चावते का नाही, ते पण विचारून घ्या.