मदत हवी आहे: गिनीपिगच्या श्वासाचा आवाज येतोय, साधी सर्दी समजायची का? (नागपूर)

त्रिमूर्तीनगरवाली:
दोन माद्या आहेत, दोघी १४ महिन्यांच्या. एकीला तीन दिवसांपासून शिंका येताहेत. कालपासून श्वासाबरोबर टिकटिक असा बारीक आवाज आणि नाकपुडीभोवती पांढरी खपली. आज सकाळी डोळ्यांतून दुधासारखं पाणीही दिसलं. ढोबळी मिरची खाते, गवत मात्र हुंगून सोडून देते. वजन रविवारी ९१० ग्रॅम होतं, आज गुरुवारी ८५८. पिंजरा हॉलमध्ये, खाली आरागिरणीतला लाकडाचा भुसा, समोर कूलर. पाऊस लागलाय, तरी दुपारी कूलर लावतोच. मेडिकलमध्ये विचारलं तर लहान मुलांचं अमॉक्सिसिलिन सिरप दोन-चार थेंब द्या म्हणाले. देऊ का?

गवतकाडी:
सिरप अजिबात नको, बाकीचं नंतर. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन यांतलं काहीही गिनीपिगच्या पोटात गेलं की आतड्यातले कामाचे जिवाणू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जिवाणू माजतो. त्याच्या विषाने जुलाब लागून जनावर काही दिवसांत जातं, कधी कधी तर श्वास सुधारत असतानाच. माणसाच्या बाळाला चालतं म्हणून हिला चालेल, हा हिशेब इथे लागू नाही.

डोळ्यांतल्या दुधासारख्या पाण्याची काळजी सोडा. गिनीपिग त्या पाण्याने तोंड धुतो, पंज्यांनी चोळतो आणि मिनिटभरात सगळं साफ. पिवळट, चिकट, पापण्या चिकटवणारं पाणी असेल तर वेगळं. नाकाची खपली मात्र खरी वाटते. खात्री करायची तर पुढच्या पायांची आतली बाजू बघा. तिथले केस चिकटून कडक झाले असतील तर ती सारखी नाक पुसतेय.

आता श्वास मोजा. ती शांत बसलेली किंवा झोपलेली असताना, हात न लावता, बाजूने मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. कुशी फुगून खाली गेली की एक. वेग इतका असतो की नुसत्या डोळ्यांनी मोजताना चुकतंच, व्हिडिओ हळू चालवून मोजा. निरोगी गिनीपिगचा आकडा मिनिटाला साधारण ४० ते १०० असतो. हातात धरून मोजलेला आकडा भीतीनेच वाढतो, तो धरायचा नाही.

पण माझ्या मते आकड्यापेक्षा मेहनत बघावी. प्रत्येक श्वासाला कुशी आत ओढल्या जातात का? कोपरं फाकवून, मान पुढे ताणून बसते का? श्वासागणिक डोकं हलतं का? आणि तोंड उघडून श्वास घेत असेल तर मोजत बसूच नका, निघा. हा नाकाने श्वास घेणारा प्राणी आहे. तोंड उघडलं म्हणजे अगदी टोकाला आलंय.

आवाज नाकातला की छातीतला, हेही बघा. बरगड्यांना कान लावला तर छातीतला आवाज कानाजवळ केस चोळल्यासारखा चुरचुरतो. उद्या आवाज थांबला तर बरी झाली असं मात्र समजू नका. फुप्फुसाचा भाग भरून घट्ट झाला की आवाज उलट कमी होतो.

लकडगंज_कोपरा:
भुशाबद्दल कोणी बोललंच नाही. आरागिरणीचा भुसा म्हणजे निम्मी धूळ, शिवाय त्यात कुठलं लाकूड कापलंय ते गिरणीवाल्यालाही सांगता येत नाही. देवदार-पाइनसारख्या वासाच्या लाकडातली द्रव्यं श्वासनलिकेला झोंबतात. आजच काढा. जुनी पोलर चादर दुमडून, खाली टॉवेल किंवा वर्तमानपत्राचे पाच-सहा थर. रोज बदला.

कूलरचं गणित आपल्याकडे बहुतेकांचं इथेच चुकतं. मे महिन्यात हवा कोरडी असते तेव्हा कूलर ठीक, पण पाऊस लागल्यावर तो खोलीत नुसता ओलावा भरतो. भुसा ओला, त्यात मूत, त्यातून अमोनिया. अमोनियाने नाकाचं अस्तर सोललं जातं आणि मग बोर्डेटेलासारख्या जिवाणूंना दार उघडं. पिंजरा साफ करण्याआधी जमिनीला नाक टेकवून दहा सेकंद वास घ्या. उभ्याने येत नाही तो तिथे येतो, आणि त्या राहतात तिथेच. गेल्या हंगामातल्या खसाला बुरशीचा वास असेल तर तीही हवेत येतेच. पंखा लावा, थेट अंगावर नको.

घरात ससा आहे का? कुत्रा? बोर्डेटेला सशात आणि कुत्र्यात फारशी लक्षणं न दाखवता राहू शकतो, गिनीपिगला तोच न्यूमोनिया करतो. आणि अगरबत्ती, मच्छर कॉइल, मिरचीच्या फोडणीचा ठसका, सगळं त्या खोलीतून बाहेर.

त्रिमूर्तीनगरवाली:
ससा नाही, कुत्रा नाही. दोन व्हिडिओ काढले, १२८ आणि १३४. तोंड बंद आहे. कुशी आत जाताहेत, कोपरं थोडी बाहेर. पायाचे केस कडक आहेत. सोमवारपर्यंत वाफ देऊन बघू का? व्हिक्स टाकून?

पशुवैद्यक_विदर्भ:
सोमवारपर्यंत थांबू नका, आजच दाखवा. शांत असताना १३०च्या आसपास श्वास, कुशी ओढल्या जाणं आणि चार दिवसांत ५२ ग्रॅम घट, ही सर्दी नव्हे. खालच्या श्वासमार्गाचा संसर्ग धरून चला. एकदा पोट हाताने चाचपा. ढोलकीसारखं टणक लागलं तर पोटातला वायू छाती-पोटामधल्या पडद्याला ढकलतोय आणि श्वास त्यामुळे वाढलाय. तेही तितकंच तातडीचं, पण उपचार वेगळे; डॉक्टरांना आधीच सांगा.

गरम वाफ नको, अंगाचं तापमान वाढेल. व्हिक्स, कापूर, निलगिरी काहीच नको. डॉक्टर म्हणाले तर नेब्युलायझरमधून ०.९ टक्के सलाइन १०-१५ मिनिटं.

सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. तिथे किंवा जवळच्या खासगी दवाखान्यात आधी फोन करून गिनीपिग-ससे बघणारं कोण आहे ते विचारा. छातीचा एक्स-रे दोन बाजूंनी काढायला सांगा. औषध लिहून दिलं की नाव विचारा. एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा साधारण वापरतात. नाव पेनिसिलिन गटातलं निघालं तर तिथेच नम्रपणे थांबवा. कुत्र्या-मांजरांची सवय असलेल्या हाताकडून ही चूक होऊ शकते.

व्हिटॅमिन सी गिनीपिगच्या शरीरात तयार होत नाही. आजारपणात किलोमागे रोज ३० मिग्रॅ द्या. ड्रॉप्सच्या बाटलीवर १ मिलीत १०० मिग्रॅ लिहिलं असेल तर हिला पाव मिली पुरे. पाण्याच्या बाटलीत मिसळू नका. उजेडाने उडून जातं आणि चव बदलली म्हणून पाणी पिणं बंद.

गवत सोडलंय म्हणून हाताने भरवावं लागेल, पण श्वास एवढा चढलेला असताना घाईने नको, घास श्वासनलिकेत जातो. आज आधी डॉक्टर. मग पेलेट कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी, सुई काढलेल्या सिरिंजने दातांच्या बाजूने अर्धा-अर्धा मिली, तिला चावू द्या. उताणं धरायचं नाही. रोज सकाळी त्याच वेळी वजन.

त्रिमूर्तीनगरवाली:
चारच्या वेळेला बोलावलंय. दुसरीला वेगळी ठेवू का? आणि नेऊ कशी, पाऊस आहे.

गवतकाडी:
तीन दिवस दोघी एकाच हवेत आहेत, संसर्गापुरतं वेगळं करून आता फार हाती लागणार नाही. पण मधे जाळी लावा, म्हणजे कोण किती खातं आणि कोणाच्या लेंड्या किती ते कळेल. दुसरीचेही श्वास आजच मोजून लिहून ठेवा.

न्यायला भोकाची प्लास्टिकची टोपली, तळाशी टॉवेल, वरून अर्धीच झाका. ऑटोने जा, दुचाकीवर वारा लागतो. छातीवर दाब येईल असं उचलू नका. एक हात पुढच्या पायांमागे, दुसरा ढुंगणाखाली. दोघींना एकाच टोपलीत नेलं तर ती कमी घाबरेल, आणि डॉक्टर दुसरीची छातीही ऐकतील. मोबाइलमधला व्हिडिओ दाखवा, टेबलावर ठेवल्यावर श्वास बदलतो.