पानाखालची बेरीज कोणी करायची: क्वेरीने की रिपोर्टने?

ओळीचा_हिशेब:
खातेउतारा छापायचा म्हटलं की मागणी ठरलेली: पानाच्या तळाला ‘पुढे नेले’, पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’. मग कोणीतरी रिपोर्टच्या (छापायच्या मांडणीच्या) इव्हेंटमध्ये कोड टाकतो आणि एका व्हेरिएबलमध्ये रकमा मिळवत सुटतो. हा प्रकार बंद व्हायला हवा.

अ‍ॅक्सेसचंच (हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम) बघा. फॉरमॅट इव्हेंट (ओळ पानावर मांडताना कोड चालायची वेळ) एका ओळीसाठी एकदाच येईल याची हमी नाही. ओळ पानात मावली नाही की अ‍ॅक्सेस मागे फिरतो आणि तीच ओळ पुढच्या पानावर पुन्हा मांडतो. रक्कम दोनदा मिळवली जाते. ‘१२ पैकी पान ३’ असं छापायला लावलंत, तर एकूण पानं मोजण्यासाठी आख्खा रिपोर्ट आधी एकदा मांडला जातो. व्हेरिएबल शून्यावर आणलं नसेल तर बेरीज दुप्पट!

चढती बेरीज (त्या ओळीपर्यंतची एकूण) क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसकडून ओळी मागवणाऱ्या एसक्यूएल आज्ञेतच, काढा. त्यासाठीची सम-ओव्हर ही सोय पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये २००९ पासून आहे, ऑर्डर बायसकट (ओळींचा क्रम सांगून) एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ पासून, मायएसक्यूएलमध्ये २०१८ पासून. आता सबब कसली?

पानाचा_पाईक:
पण डेटाबेसला पान कुठे ठाऊक असतं? तपशील दोन ओळींत गेला, फाँट बदलला, कागद आडवा केला, की पान दुसरीकडेच तुटतं. ते कळतं फक्त रिपोर्ट इंजिनाला. तुम्ही शिव्या हाताने लिहिलेल्या कोडला देताय आणि फाशी रिपोर्टला. अ‍ॅक्सेसच्या टेक्स्टबॉक्सला ‘रनिंग सम’ ही प्रॉपर्टी आहे. ती ‘ओव्हर ऑल’ करा, बॉक्स डिटेलमध्ये (दर ओळीला छापल्या जाणाऱ्या भागात) लपवून ठेवा आणि पानाच्या तळातून त्याच्याकडे बोट दाखवा. एक ओळ कोड नाही. क्रिस्टल आणि जॅस्पर ही रिपोर्टची साधनं घ्या: क्रिस्टलमध्ये रनिंग टोटल फील्ड आहे, जॅस्परमध्ये व्हेरिएबल कधी शून्य करायचं ते ठरवता येतं. ही सोय याच कामासाठी आहे.

ओळीचा_हिशेब:
क्वेरीला पान कळायची गरजच नाही, मुद्दा तोच आहे. तळाला त्या पानावरच्या शेवटच्या ओळीची चढती बेरीज छापा. माथ्यावर पहिल्या ओळीच्या चढत्या बेरजेतून तिचीच रक्कम वजा करून छापा. पहिली ओळ ३५० ची, चढती बेरीज १२,८३०. म्हणजे मागील पानावरून १२,४८०. पान कुठेही तुटो, आकडा बरोबरच येतो, कारण काहीच लक्षात ठेवावं लागत नाही. एसएसआरएसमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट सर्व्हरमध्ये) पानाच्या माथ्यावरच्या एका एक्स्प्रेशनमध्ये एकाच रिपोर्ट आयटमचा उल्लेख चालतो, तेव्हा ‘या ओळीआधीची बेरीज’ हा रकाना क्वेरीतूनच द्या.

समान_तारीख:
सावकाश! नुसतं तारखेवर ऑर्डर बाय केलंत तर ही वजाबाकी तोंडावर आपटेल. फ्रेम (बेरजेत कुठल्या ओळी धरायच्या ते) सांगितली नाही तर ती रेंजची, म्हणजे ऑर्डर बायच्या किमतीवरून, धरली जाते, आणि एकाच तारखेच्या सगळ्या ओळींना एकच बेरीज मिळते. आधीची बेरीज १,०००, त्या दिवशीच्या नोंदी १००, २०० आणि ३००; तिन्हींपुढे १,६००. पान नेमकं त्यांच्या आधी तुटलं तर माथ्यावर १,५०० छापून येईल, खरे १,०००. तारखेनंतर नोंद क्रमांक लावा आणि फ्रेमही ओळीगणिक मोजणारी स्पष्ट लिहा.

कागद_कशाला:
छापतंय कोण पण? प्रत्येक ओळीपुढे चढती शिल्लक असताना ‘मागील पानावरून’ ही जुन्या वहीची सवय आहे, बाकी काही नाही. एखादं पान गहाळ झालं तर शिल्लकच सांगेल.

वहीतपासनीस:
नाही सांगणार. गहाळ पानावर नावे ५,००० आणि जमाही ५,००० असेल, तर आधीच्या पानाची शेवटची शिल्लक आणि नंतरच्या पानाची सुरुवातीची शिल्लक तंतोतंत जुळतात. पान गेलंय हे कोणाच्या बापाला कळत नाही. म्हणून नावे आणि जमा या दोन्ही बाजूंच्या बेरजा वेगवेगळ्या पुढे न्यायच्या. सवय म्हणा, पण तिला कारण आहे.

कागद_कशाला:
हे मान्य, नुसती शिल्लक पुरत नाही. पण स्क्रीनवर? लिमिट (एका पानापुरत्याच ओळी घेणं) सम-ओव्हरनंतर लागतं, त्यामुळे चाळिसाव्या पानावरही आकडा बरोबर येतो, पण त्यासाठी सुरुवातीपासूनच्या ओळी पुन्हा मिळवाव्या लागतात. त्यात मी तिसरं पान वाचत असताना कोणी मागच्या तारखेची नोंद टाकली, की चौथ्या पानाचा माथा तिसऱ्याच्या तळाशी जुळत नाही. स्क्रीनवर हे नकोच.

पानाचा_पाईक:
माझा एक प्रश्न राहिला. रिपोर्ट डिझायनरमध्ये कोणी फिल्टर लावून रद्द पावत्या लपवल्या, तर तुमच्या क्वेरीची बेरीज त्या लपलेल्या रकमा धरूनच येणार. इंजिनाची रनिंग टोटल उरलेल्या ओळींवरच चालते.

ओळीचा_हिशेब:
फिल्टर पॅरामीटर करून क्वेरीच्या व्हेअरमध्ये (ओळी निवडायच्या अटीत) न्यायचा. वापरणाऱ्याला रिपोर्टमध्येच फिल्टर आणि सॉर्ट करायची मुभा द्यायची असेल, तर तिथे तुमचं रनिंग सम वापरा. तेवढ्यापुरतं तुमचं खरं.

समान_तारीख:
आणि लांब तपशिलाची ओळ अर्धी या पानावर, अर्धी त्या पानावर गेली तर तिची रक्कम कुठल्या पानाची?

पानाचा_पाईक:
डिटेलचं ‘कीप टुगेदर’ येस ठेवा. ओळ आख्ख्या पानापेक्षा लांब नसेल तर तुटणारच नाही.