विन्यो व्हेर्द आणि आपल्याकडचे जेवण : मार्गदर्शन हवे

मांजराकाठ (लातूर) :
माझ्या मावसभावाने पोर्तुगालहून येताना विन्यो व्हेर्द या पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या आणल्या आहेत. एकीवर लोरेरो या द्राक्षाचे नाव असून मद्यार्क १०.५ टक्के आहे. दुसरीवर आल्वारिन्यो, मोन्साव आणि मेल्गासो असा उल्लेख असून मद्यार्क १३ टक्के आहे. रविवारी येणाऱ्या पाहुण्यांपैकी निम्मे शाकाहारी आहेत. काळ्या मसाल्याचे मटण, तळलेली मरळ, अंबाडीची भाजी, भरली वांगी, भाकरी आणि शेवटी पुरणपोळी असा बेत आहे. या दोन वाइनच्या चवीत नेमका काय फरक आहे आणि कोणती कशाबरोबर द्यावी, हे जाणकारांनी सांगावे.

गोदातीर (पैठण) :
दोन्ही वाइन पोर्तुगालच्या वायव्येकडील मिन्यो भागातल्या आहेत. विन्यो व्हेर्दचा हा प्रदेश १९०८ मध्ये अधिकृतपणे आखला गेला. तेथे अटलांटिकवरून येणारा पाऊस भरपूर पडतो आणि जमीन बहुतांशी ग्रॅनाइटची आहे. त्यामुळे द्राक्षात साखर बेताची राहते, आम्ल मात्र टिकून राहते. लोरेरो हे विशेषतः लिमा नदीच्या खोऱ्यातले द्राक्ष. त्याच्या वाइनला लिंबाच्या सालीचा आणि संत्र्याच्या फुलांचा वास येतो, मागून तमालपत्राची पुसटशी छटा जाणवते. जिभेवर किंचित चुरचुर जाणवली, तर वाइन बिघडली असे समजू नये. पूर्वी बाटलीतच मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल होताना कार्बन डायऑक्साइड अडकत असे. आता बरेच उत्पादक बाटली भरतानाच थोडा वायू मिसळतात.

मोन्साव आणि मेल्गासो ही गावे स्पेनच्या सीमेवर असून डोंगरांमुळे त्यांना समुद्री वाऱ्यापासून आडोसा मिळतो. तेथे आल्वारिन्यो हे द्राक्ष अधिक पक्व होते, म्हणून त्याच्या वाइनला अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, असतो. तिच्यात पीच या फळाचा वास असतो, आणि जालन्याची मोसंबी सोलताना हाताला लागतो तसा सालीचा वासही असतो. चुरचुर सहसा नसते.

मरळीबरोबर लोरेरो निःशंकपणे द्यावी. पोर्तुगीज लोक निखाऱ्यावर भाजलेल्या सार्डिनबरोबर अशीच हलकी, आंबट वाइन पितात, कारण ती माशाचा तेलकटपणा तोडते. अंबाडीबरोबरही तीच चालेल. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला की वाइन पाणचट लागते. ही वाइन मात्र स्वतःच पुरेशी आंबट आहे. ही केवळ मासळीची वाइन आहे, असा शाकाहारी पाहुण्यांचा समज होऊ देऊ नये, कारण बटाटा आणि हिरव्या पानांचे काल्दू व्हेर्द हे सूप याच मिन्योचे आहे. मटणाबरोबर अंगाने भारी म्हणून आल्वारिन्यो द्यावी.

आसनाकाठ (नांदेड) :
मटणाविषयीच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. भारी पदार्थाला भारी वाइन हा हिशेब तिखटापुढे टिकत नाही. मद्यार्क जितका जास्त, तितकी मिरचीची आग वाढते. त्यामुळे आपल्या काळ्या मसाल्यावर १३ टक्क्यांची वाइन घेतली, तर तोंड भाजेल आणि पीचचा मागमूसही लागणार नाही. लोरेरोची चुरचुरही तिखटाने पोळलेल्या जिभेला त्रासच देईल. मटणाबरोबर ताक ठेवावे. आल्वारिन्यो भरल्या वांग्यांसाठी राखावी, मात्र मिरची नेहमीपेक्षा निम्मी घालावी. शेंगदाणे आणि तिळाच्या स्निग्ध वाटणाला पेलेल असे अंग तिच्यात आहे. अंबाडीबद्दल मात्र गोदातीर यांचे म्हणणे पटते, फक्त लसणाची फोडणी जपून द्यावी. पुरणपोळीबरोबर दोन्हींपैकी कोणतीही नको, कारण गोडावर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन नुसती आंबट लागते.

वेरूळवाट (छत्रपती संभाजीनगर) :
आसनाकाठ यांचे मत मलाही योग्य वाटते. त्यात साठवणीची एक बाब जोडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटल्या कपाटात ठेवल्या, तर महिन्याभरात वास उतरतो. त्या आजच फ्रिजमध्ये आडव्या ठेवाव्यात. लोरेरो सुमारे ८ अंशांवर द्यावी, आल्वारिन्यो मात्र १० ते १२ अंशांवर, कारण फार गार केल्यास तिचा वास दबतो. ग्लासात बर्फ घालू नये. पेला एका वेळी तिसरा हिस्साच भरावा आणि बाटली बर्फ-पाण्याच्या भांड्यात ठेवावी. सगळे एकाच दिवशी जमणार नसेल, तर लोरेरो आधी संपवावी. ती ताजेपणीच, साधारण वर्षा-दोन वर्षांत पिण्याची वाइन आहे. चांगली आल्वारिन्यो नीट ठेवली तर आणखी काही वर्षे थांबू शकते.