लकव्यानंतर वडिलांना तेलुगू शब्द येतायत पण मराठी येईना, बोलणं परत येतं का?

अशोकचौकवाला
नमस्कार मंडळी, सोलापुरातलं कोणी असेल तर जरा सांगा. आमच्या नान्नांना म्हणजे वडिलांना (वय ६३) दिवाळीच्या आधी लकवा मारला, उजवी बाजू. रात्री जेवून बरे झोपले होते, सकाळी अम्माने चहाला उठवलं तर तोंड वाकडं आणि हात उचलेना. दवाखान्यात नेलं, रक्ताची गुठळी अडकून डाव्या मेंदूला मार बसलाय म्हणाले, आणि झोपेत नक्की कधी झालं तेच माहीत नसल्यामुळे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं नाही. आता घरी आणलंय. पाय बराच सुधारलाय, काठी धरून मोरीपर्यंत जातात, हात मात्र लोंबतोय.

माझा खरा प्रश्न बोलण्याचा आहे. नान्ना आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात, आता सगळ्यालाच "टॉवेल" म्हणतात. पाणी पाहिजे तरी टॉवेल, लाईट बंद कर तरी टॉवेल, आणि आपल्याला कळलं नाही की चिडतात. घरात आम्ही तेलुगू बोलतो, बाहेर मराठी. गेल्या आठवड्यापासून तेलुगूत एकेक शब्द यायलाय, नीळ्ळू म्हणाले परवा पाण्याला, आणि ओकटी रेंडू मूडू करत दहापर्यंत सलग मोजतात. मराठी मात्र एक अक्षर नाही. कारखान्यातले दोस्त येतात, मराठीत बोलतात, तेही जोरजोरात ओरडून जणू ऐकूच येत नाही त्यांना, आणि जाताना माझ्याकडे बघून डोक्याकडे बोट फिरवतात. लय वाईट वाटतं हो.

डोकं फिरलंय का खरंच? मराठी परत येईल का? आणि आत्या मागे लागलीये की कर्नाटकात एका गावात झाडपाल्याचं औषध देतात तिकडे न्या, दुसरे एक जण कबुतराचं रक्त चोळा म्हणायलेत.

जुळेसोलापूरकर
डोकं अजिबात फिरलेलं नाही. मी स्वतः यातून गेलोय, तीन-चार वर्षं झाली, म्हणून सांगतो. याला वाचाघात म्हणतात. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि उजवं अंगही डावा मेंदूच हलवतो, म्हणून उजवी बाजू गेली की पुष्कळदा बोलणंही जातं. बुद्धी जाते असं नाही. मला माणसं ओळखू यायची, बिल किती झालं ते कळायचं, मुलगा खोटं बोलला तेही कळायचं, फक्त "मीठ दे" म्हणायचं तर तोंडातून "शाळा" यायचं. आणि आपण चुकीचं बोललो हे आपल्यालाच ऐकू येतं, चिडचिड त्याची असते. सगळ्यांचं सारखं नसतं, काहींना समोरच्याचं बोलणंही नीट उमगत नाही, ते डॉक्टर तपासून सांगतील.

दोस्तांना सांगा ओरडू नका, कान शाबूत आहेत. टीव्ही बंद करा, एका वेळी एकानेच बोला, छोटं वाक्य बोला आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं कोणाला जमत नाही. मी शब्द शोधत असायचो आणि बायको, मुलगा, सून तिघंही आपापला शब्द पुढे करायचे, त्यात माझा अर्धा सापडलेला शब्द पण जायचा. "चहा पाहिजे का दूध?" असं विचारा, दोन्ही वस्तू समोर धरा, बोट दाखवू दे. मान डोलावली तरी ते उत्तरच आहे. चिडून एखादी शिवी अस्सल आणि स्पष्ट आली तर घाबरू नका, शिव्या, आकडे, देवाची नावं ही पाठ झालेली भाषा असते, ती बऱ्याचदा आधी येते.

पंढरपूरची_ताई
वरचं पाठ असलेलं म्हणाले ते अगदी खरंय. माझ्या सासूबाईंना साधं नाव सांगता येत नव्हतं पण हरिपाठ लावला की पुढची ओळ बरोबर म्हणायच्या, आम्ही सगळे बघतच राहिलो. गाण्याच्या चालीवर शब्द काढून घ्यायची एक पद्धत पण असते, आमच्या स्पीच थेरपीवाल्या मॅडमनी तसंच सुरू केलं होतं, मांडीवर ठेका धरत "पा-णी दे". अभंग म्हणता आला म्हणजे बोलणं आलं असं मात्र नाही हो, आम्ही उगाच पेढे वाटले.

दादा एक विचारते, पाणी पिताना ठसका लागतो का? किंवा प्यायल्यावर आवाज घोगरा, ओला येतो का? लागत असेल तर लगेच दाखवा. गिळायचे स्नायू पण ढिले पडतात आणि पाणी फुफ्फुसाकडे गेलं की न्यूमोनिया होतो. सासूबाई दुसऱ्यांदा अॅडमिट झाल्या त्या याच्यामुळेच. पूर्ण ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली, छोटे घोट. पातळ चहापेक्षा घट्ट खिमटी सोपी जाते, आपल्याला उलटं वाटतं.

बार्शीचे_मामा
लकव्याचा अॅटॅक आला की लगेच सुईने दहाही बोटांच्या टोकातून रक्ताचा एक एक थेंब काढायचा, कानाच्या पाळ्या ओढायच्या, माणूस जागेवर उठून बसतो. ग्रुपवर आलं होतं, चिनी पद्धत आहे. सगळ्यांना पाठवा.

फिजिओ_होटगीरोड
मामा, कृपा करून पाठवू नका. बोटाला टोचून मेंदूतली गुठळी हलत नाही, फक्त अर्धा तास जातो, आणि रक्तवाहिनी बंद असताना मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात. पाठवायचंच असेल तर हे पाठवा: तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात वर धरल्यावर खाली पडतो, बोलणं अडखळतंय, किंवा अचानक तोल गेला, दिसेनासं झालं, यातलं काहीही एक असलं तरी १०८ लावा आणि सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा, गल्लीतल्या क्लिनिकमध्ये सलाईन लावत बसू नका. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. इंजेक्शनची मुदत तिथून साडेचार तास असते, मोठी नस बंद असेल तर तारेने गुठळी काढायची सोय काही पेशंटना २४ तासांपर्यंत मिळू शकते पण ती सगळीकडे नाही. घरच्या घरी अॅस्पिरिन नको, कारण गुठळी आहे की रक्तस्राव ते सीटीशिवाय कोणालाच कळत नाही. बीपी उतरवायला जिभेखाली गोळी नको, तोंडात पाणी नको. आणि पाच मिनिटांत सगळं आपोआप बरं झालं तरी जायचंच, तो मोठ्या अॅटॅकचा इशारा असतो. "वारं गेलं अंगावरून, उतरलं" म्हणून आपली माणसं घरी झोपून राहतात ते चुकतं.

आता अशोकचौकवाले, तुमचं. लोंबणारा हात आधी सांभाळा. उठवताना तो हात धरून ओढू नका, खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि मग दुखण्यामुळे व्यायामच बंद पडतो. बसले असताना हाताखाली उशी, चालताना आधार. बोटं वळायला लागली असतील तर दिवसभर चेंडू दाबत बसवू नका, मूठ आधीच आवळतेय ती अजून आवळेल, आपल्याला मूठ उघडायला शिकवायचीय. नान्ना टॉवेलवाले ना? मग टॉवेलच द्या हातात. टेबलावर पसरून दोन्ही हातांनी घडी घालायची, सुरुवातीला डाव्याने उजवा धरून. हातांना माहीत असलेलं काम असलं की माणूस कंटाळत नाही, माझे अर्धे पेशंट कंटाळूनच सोडतात. पहिले तीन ते सहा महिने सुधारणा सगळ्यात वेगात होते, नंतर मंदावते, पण थांबत नाही.

झाडपाल्याला जायचंच ठरलं तर निदान गोळ्या बंद करू नका. तिथे पहिली अट तीच घालतात आणि रक्त पातळ करायची, बीपीची गोळी सुटली की दुसरा अॅटॅक यायचा धोका वाढतो. कबुतराला त्याच्या मार्गाने जाऊ द्या.

अशोकचौकवाला
सगळ्यांचे आभार. ठसका लागतो, पाण्याला जास्त, आम्हाला वाटलं घाईत पितात. टॉवेलचं आजच केलं, अम्मा पाच मिनिटांनी येऊन म्हणाली घडी अजून आपल्यापेक्षा सरळ घालतात. पण घालता घालता एकदम रडायलाच लागले, असं कशानेही व्हायलंय. आणि तेलुगू-मराठीचं कोणी सांगितलं नाही.

जुळेसोलापूरकर
रडणं दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे मेंदूचा ब्रेकच ढिला होतो, वाईट वाटलेलं नसतानाही रडू येतं, मी तर जाहिरात बघून रडायचो. दुसरं खरोखरचं नैराश्य, जेवण तुटतं, झोप उडते, व्यायामाला नको म्हणतात, तेही या आजारात खूप जणांना येतं. दोन्हीवर औषध आहे, डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

पंढरपूरची_ताई
भाषेचं मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या दोन भाषा येणाऱ्यांच्या बऱ्याचदा दोन्ही बरोबरीने सुधारतात, पण काहींची एक पुढे आणि एक मागे राहते. जी येतेय तिला अडवू नका, "मराठीत सांगा" असा हट्ट नको. घरात तेलुगूच चालू ठेवा, आणि थेरपीला जाल तेव्हा अम्मांना बरोबर न्या म्हणजे व्यायामाचे शब्द तेलुगूत पण घेता येतील. दोस्तांना सांगा की तेलुगू येणारा कोणीतरी एक जण बरोबर आणा, सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे काय कमी आहेत का.

फिजिओ_होटगीरोड
फी परवडत नसेल तर आधी सिव्हिलला विचारा, तिथे मेडिकल कॉलेज आहे, फिजिओथेरपीची सोय असते. पुढे अॅडमिट करायची वेळ आली तर रेशन कार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, सरकारच्या मोफत उपचारांच्या फुले योजनेत काय बसतं ते सांगतील. अपंगत्वाचं सर्टिफिकेट लगेच देत नाहीत, काही महिने प्रकृती स्थिरावू देतात, पण डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅन जपून ठेवा. ४० टक्के किंवा वर निघालं तर एसटीच्या सवलतीला वगैरे उपयोगी पडतं.

अशोकचौकवाला
उद्या सकाळीच अम्माला घेऊन सिव्हिलला जातो. येताना चष्म्याचा नंबर पण तपासून घेऊ का? पेपर धरतात पण ओळ अर्धवट सोडून खाली जातात.

फिजिओ_होटगीरोड
थांबा, चष्मा नका करू लगेच. ताटात उजवीकडचं काही शिल्लक राहतं का?

अशोकचौकवाला
हो, आमटीची वाटी तशीच असते. अम्मा म्हणते आता आवडत नसेल.

फिजिओ_होटगीरोड
दिसत नसेल. डाव्या मेंदूच्या अॅटॅकमध्ये कधी कधी दोन्ही डोळ्यांची उजवीकडची नजर जाते, त्याला नंबर लागत नाही. उद्या न्यूरोच्या डॉक्टरांना हे आधी सांगा. आणि आज रात्री जेवताना अर्ध्यात ताट फिरवून बघा.