मदत हवी आहे: नाण्यावरचा हिरवा थर, आणि ग्रेड ५८ की ६० च्या वर?

नमस्कार मंडळी. जुन्या पीव्हीसी पाकिटातल्या चांदीच्या नाण्यावर अक्षरांच्या कडेने हिरवट, चिकट थर आलाय. पीव्हीसीतून सुटणारं आम्ल धातू खातं, म्हणून तो काढायलाच हवा. बेत असा: काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन, खिडकी उघडी, नाणं १५ मिनिटं बुडवायचं, मग ताज्या अ‍ॅसिटोनमधून काढून न पुसता वाळवायचं. (नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो.) तरीही खाचांत हिरवं उरलं, तर ते पीव्हीसी की मिश्रधातूतल्या तांब्याचा कळंक, हे कसं ओळखता? कळंकावर अ‍ॅसिटोन चालत नाही आणि खरवडलं की नाणं गेलंच.

दुसरं, ग्रेड, म्हणजे नाण्याच्या अवस्थेचा अंक. नाण्यावरच्या चेहऱ्याचा गाल आणि कानावरचे केस सपाट आहेत; प्रश्न असा की ही टाकसाळीतलीच कमजोर छाप, की वापरातली झीज? छाप कमजोर असेल तर उंच भागावरही झळाळी सलग राहते, चकतीवरचे (छापण्याआधीच्या कोऱ्या तुकड्यावरचे) मूळ बारीक ओरखडे दिसतात. झीज असेल तर तिथला रंग करडा, मंद होतो. १० पट भिंगाखाली केसांत ते मूळ ओरखडे दिसतात, गालावर मात्र झळाळी तुटते. शेल्डन मोजपट्टीवर (१ ते ७० अंक; ५८ म्हणजे किंचित झिजलेलं, ६० पासून वर न झिजलेलं) हे ५८ धरावं, की गालावरचं नुसतं पाकिटात घासल्याचं मानून ६० च्या वर न्यावं? मला ५८ पटतं, आणि स्वच्छ ५८ हे ओरखड्यांनी भरलेल्या ६० पेक्षा कितीतरी देखणं असतं. तुम्ही दिवा कोणत्या कोनात धरून हा फरक पाहता?