आधुनिक, उत्तर-आधुनिक, समकालीन: चित्रांच्या बाबतीत नेमका फरक काय?

प्रश्न:

मंडळी, एक शंका आहे. मुंबईच्या जहांगीर कलादालनात एक प्रदर्शन बघितलं, तिथल्या पत्रकात एकाच पानावर आधुनिक, उत्तर-आधुनिक आणि समकालीन असे तिन्ही शब्द होते. आपण बोलताना आधुनिक म्हणजे आत्ताचं, नव्या पद्धतीचं असंच म्हणतो ना, आधुनिक शेती, आधुनिक विचारांचं घर वगैरे. मग सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं चित्र आधुनिक कसं? आणि आधुनिकोत्तर असंही कुठेतरी वाचलंय, ते अजून वेगळं का? कुणी नीट सांगेल का प्लीज.

प्रतिसाद:

ताई, गोंधळ होतोच, कारण चित्रकलेत आधुनिक हे एका काळाचं नाव होऊन बसलंय. जसं मराठी कवितेत नवकाव्य म्हटलं की मर्ढेकरांचा काळ येतो, आज लिहिलेल्या कवितेला कुणी नवकाव्य म्हणत नाही, तसंच हे.

आणि तो काळ समाजापासून तोडून समजतच नाही असं माझं ठाम मत आहे. पॅरिसमध्ये १८७४ साली दृक्‌प्रत्ययवाद्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं (म्हणजे इम्प्रेशनिस्ट, त्या क्षणी डोळ्यांना दिसलेला उजेड आणि रंग पकडणारे चित्रकार), पण त्याच्या आधी १८४१ मध्ये रंगाची पत्र्याची ट्यूब निघाली होती, रेल्वे आली होती, म्हणून तर चित्रकार तयार रंग पिशवीत टाकून गावाबाहेर जाऊन उन्हात चित्र काढू शकले. कॅमेराही आला होता, हुबेहूब चेहरा काढून देणं हे आता चित्रकाराचंच काम राहिलं नव्हतं. ते असो, ते सगळीकडे वाचायला मिळतं.

मला मुंबईचं सांगायचंय. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा चित्रकार-शिल्पकारांचा गट काढला. ही माणसं कोण होती ते बघा. सूझा गोव्यातल्या साळगावचे, स्वातंत्र्याच्या चळवळीपायी जेजे कला महाविद्यालयातून काढून टाकलेले. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, आरांनी घरगडी म्हणून राबून, गाड्या धुऊन दिवस काढलेले. आणि त्यांना युरोपातली चित्रं दाखवणारे, पाठीशी उभे राहणारे लँगहॅमर, लायडेन, श्लेसिंगर हे हिटलरमुळे तिकडून इकडे आलेले. म्हणजे गिरण्यांचं शहर, नुकतं मिळालेलं स्वातंत्र्य, निर्वासित आणि कुठल्या कुठल्या गावांतून पोटासाठी आलेली माणसं हे सगळं एका ठिकाणी जमलं तेव्हा आपल्याकडे ती चित्रं झाली. त्यांना आधुनिक म्हणतात ते या अर्थानं. जुनं मोडून काहीतरी नवं उभं राहणार आहे आणि ते आपण करणार आहोत असा विश्वास त्यात होता.

प्रतिसाद:

मग उत्तर-आधुनिकमध्ये तो विश्वास गेला असं म्हणायचंय का? आणि आधुनिकोत्तरचं राहिलंच.

प्रतिसाद:

हो, बराचसा गेला. आधुनिकोत्तर आणि उत्तर-आधुनिक एकच, स्वातंत्र्योत्तर म्हणतो तसा उत्तर शेवटी लावला इतकंच. मला आधुनिकोत्तर जास्त बरा वाटतो कारण त्यात 'नंतरचा' हा अर्थ पटकन कळतो, पण छापून येतं ते बहुतेक उत्तर-आधुनिक.

आता मुंबईतच बघा. १९८२ चा संप झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, ते शहर पुन्हा तसं राहिलं नाही. मग १९९१ चं उदारीकरण, घरोघरी केबल, आणि १९९२-९३ च्या दंगली. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाने २००१ मध्ये शहरांवर मोठं प्रदर्शन केलं तेव्हा मुंबईसाठी काळ धरला तो १९९२ ते २००१, हे मला फार बोलकं वाटतं.

चित्रकार अतुल डोडियांचं 'महालक्ष्मी' हे काम घ्या. कॅनव्हासच्या जागी दुकानाचं असतं तसं लोखंडी रोलिंग शटर, त्याच्या पट्ट्यापट्ट्यांवर कॅलेंडरवर असते तशी लक्ष्मी रंगवलेली. शटर वर केलं की मागे दुसरं चित्र, हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी. दंगलीत खाली ओढलेली शटरं ज्यांनी बघितलीत त्यांना त्या पत्र्याचं काय सांगायचं! आता यात कॅलेंडर आहे, बाजार आहे, वर्तमानपत्रात यावी तशी बातमी आहे, देवी आहे, आणि सगळं एकमेकांवर चढवलेलं. चित्रकार 'ही माझी शैली' असं म्हणून एका रस्त्यानं जात नाही आणि एकच मोठी गोष्ट सगळ्यांना पुरेल असंही मानत नाही. उत्तर-आधुनिक म्हणतात ते साधारण हे. समकालीन मात्र फक्त काळ दाखवतो, आज जे कुणी काम करतंय ते समकालीन, मग ते हुबेहूब निसर्गचित्र का असेना.

प्रतिसाद:

चित्रकार गायतोंडे कुठे बसतात मग? त्यांना सगळे अमूर्त म्हणतात.

प्रतिसाद:

काळानं आधुनिकच. पण अमूर्त हा शब्द मला त्यांच्यासाठी खटकतो, आणि इंग्रजीतला ॲबस्ट्रॅक्ट त्यांनाही मान्य नव्हता, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणा असं ते सांगत. अमूर्त म्हटलं की आपल्या मनात निर्गुण-निराकार येतं, संतांच्या अभंगांत वाढलेले आपण, ते येणारच. पण चित्रासमोर जवळ जाऊन उभे राहा, रोलरनं फिरवलेला रंग, सुरीनं खरवडलेला, थरावर थर, कुठे खालचा थर वर डोकावतोय. ही तर चांगली हाताला लागेल अशी वस्तू आहे. त्यात कुठल्या माणसाचं, झाडाचं चित्र नाही एवढंच, म्हणून मी 'अप्रतिरूप' वापरते, रूढ नाही फारसा पण अर्थाला नेमका बसतो.

प्रतिसाद:

इन्स्टॉलेशनला, म्हणजे एखाद्या जागेतच मांडून उभ्या केलेल्या कलाकृतीला, मांडणशिल्प चालेल का?

प्रतिसाद:

चालेल काय, चांगलाच आहे, वर्तमानपत्रांतही येतो. फक्त सरसकट नको. चित्रकार नलिनी मलानींनी १९९२ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवरच चित्रं काढली होती (केमोल्ड तेव्हा जहांगीरच्याच वरच्या मजल्यावर होती), प्रदर्शन संपल्यावर भिंती परत पांढऱ्या करून टाकल्या, विकायला काही उरलंच नाही. त्याला इंग्रजीत इन्स्टॉलेशन म्हणतात, पण शिल्प कसं म्हणणार? तिथे मी सरळ 'भिंतीवरची तात्पुरती चित्रं' असं लिहीन.