४५ हजार आहेत आणि आठ महिन्यांचा बँड आहे, आधी स्टुडिओ की आधी गिग?

बेसूर_बेसिस्ट:

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. आमचा चौघांचा बँड आहे, पुण्यात. दोन गिटार (त्यातला एक गातो), बेसवर मी आणि एक ड्रमर. आम्ही तिघं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, ड्रमर एकटाच कमावता. आठ महिने झाले, पाच गाणी स्वतःची आहेत, सगळी मराठीत, बाकी सात-आठ कव्हर्स (दुसऱ्यांची गाणी) बसवलीयेत. आत्तापर्यंत गिग म्हणाल तर दोन, एक कॉलेजच्या गॅदरिंगला आणि एक बाणेरच्या एका पबमध्ये, जिथे ठरलेले पैसे मिळाले नाहीतच वर आमच्याच जेवणाचं बिल आम्हाला दिलं.

तर प्रश्न असा की आमच्याकडे सगळे मिळून ४५ हजार जमलेत, त्यातले २५ एकट्या ड्रमरचे. गिटारवाल्याचं म्हणणं सरळ चांगल्या स्टुडिओत जाऊन एक गाणं एकदम कडक रेकॉर्ड करू, व्हिडिओ करू, सगळीकडे टाकू. ड्रमर म्हणतो आधी गिग करू, नाव होऊ दे. मी मधे लटकलोय. शिवाय आमचं गाणं जॅमरूममध्ये (प्रॅक्टिसच्या खोलीत) भारी वाटतं आणि फोनवर ऐकलं की डबा वाजवल्यासारखं वाटतं, हे असं का होतं तेही कोणी सांगा. आणि अजून एक, घरच्यांना मराठी रॉक म्हटलं की हसू येतं, आणि खरं सांगायचं तर कधी कधी आमचे शब्द ऐकून आम्हालाही येतं.

फेडर_दादा:

ठाण्यात छोटा स्टुडिओ आहे माझा, त्यामुळे खरं तर मी "या या, रेकॉर्ड करा" म्हणायला पाहिजे. पण नका येऊ अजून.

दर महिन्याला एक तरी तुमच्यासारखा बँड येतो आणि काय होतं ते सांगतो. ड्रमला माइक लावून आवाज बसवण्यात पहिले तीन तास जातात कारण ड्रमच्या स्किन्स (वरची कातडी) दोन वर्षं बदललेल्या नसतात. मग क्लिक (ताल धरायची टिकटिक) लावला की ड्रमरचा चेहरा उतरतो कारण आयुष्यात क्लिकवर प्रॅक्टिस केलेली नसते, कोरस आला की गाणं पळतं आणि अंतऱ्यात परत बसतं. मग दुपारी अडीचला, माझं मीटर चालू असताना, गिटारवाले दोघं भांडायला लागतात की ब्रिज (गाण्यातला मधला वेगळा तुकडा) दोनदा वाजवायचा की एकदा. अरे बाबांनो हे जॅमरूममध्ये ठरवायचं, तिथे तासाला पाचशे रुपये लागतात, इथे त्याच्या चौपट. संध्याकाळपर्यंत गाणं होतं पण त्यात जीव नसतो, कारण प्रत्येकाने आपापला भाग वेगळा वाजवलेला असतो आणि एकमेकांकडे बघितलेलंच नसतं.

डबा का वाजतो? फोन कुठे ठेवता? नव्वद टक्के लोक गिटारच्या अँपवर ठेवतात. दारापाशी ठेवा, माणसाच्या छातीच्या उंचीला, ड्रमपासून जेवढा लांब जाईल तेवढा. तरी सिंबलच (ड्रमच्या पितळी थाळ्या) ऐकू आले तर फोनचा दोष नाही, ड्रमर जोरात मारतोय. आणि दोन्ही गिटारवाल्यांना सांगा की डिस्टॉर्शनचं बटण निम्म्यावर आणा. एकट्याने वाजवताना जास्त डिस्टॉर्शन भारी वाटतं, सगळे एकत्र वाजले की त्याचाच चिखल होतो आणि सगळ्यात आधी बुडतो तो बेस, म्हणजे तुम्ही.

प्रॅक्टिस रेकॉर्ड करा पण त्याच दिवशी ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. त्या दिवशी सगळंच छान वाटतं.

पेठेतला_परदेशी:

मी सध्या बर्मिंगहॅमला असतो, नोकरीमुळे, म्हणून राहवलं नाही. इथे ब्रॉड स्ट्रीटला कालव्यावरच्या पुलाला ब्लॅक सबाथ या इथल्याच मेटल बँडचं नाव दिलंय, तिथे २०१९ पासून त्या चौघांचं बाकडं आहे. २०२५ च्या जुलैत, ५ तारखेला व्हिला पार्क स्टेडियमवर त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि २२ ला त्यांचा गायक ऑझी गेला. त्या आठवड्यात त्या बाकड्यापाशी फुलांचा एवढा खच होता की बाकडं दिसत नव्हतं. माझ्यासारखा किशोरकुमारवाला माणूसपण दोनदा जाऊन उभा राहिला.

तर सांगायचं हे की त्यांचा पहिला अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ ला लंडनच्या एका साध्या स्टुडिओत साधारण बारा तासांत वाजवून झाला. सगळे एकत्र, एकाच वेळी, ऑझी बाजूच्या खोक्यात उभा राहून गातोय. जवळजवळ स्टेजवर वाजवायचे तसंच वाजवलं. मधेच गिटारिस्ट टोनी आयोमीच्या स्ट्रॅट गिटारचा पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग) गेला तर त्याने शांतपणे दुसरी गिटार, गिब्सन एसजी, काढली आणि पुढे चालू, पुढे तीच त्याची ओळख झाली. फेब्रुवारी १९७० ला अल्बम आला आणि इंग्लंडच्या यादीत आठव्या नंबरपर्यंत गेला.

आता कोणी म्हणेल बघा, एका दिवसात होतं! तर त्याच्या आधीचं बघा. त्याआधी हे लोक हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमध्ये पाऊण पाऊण तासाचे सेट दिवसातून कितीतरी वेळा वाजवत होते, समोर खलाशी, दारुडे, ऐकणारे कमीच. तेव्हा बँडचं नाव पण "अर्थ" (इंग्रजी Earth, पृथ्वी) होतं, नंतर बदललं. गाणी कमी पडायची म्हणून असलेलीच ताणायची, आणि ताणता ताणता त्यातून नवीन निघायचं. म्हणजे तो एक दिवस महिनोन्‌महिने शिजत होता. बीटल्सचंही तेच आहे, तेच हॅम्बुर्ग, १९६० साल, आणि मग ११ फेब्रुवारी १९६३ ला एका दिवसात पहिल्या अल्बमची दहा गाणी.

आयोमीच्या बोटांची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल तरी सांगतो. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली, आणि तो डावखुरा, म्हणजे नेमकी तारा दाबायची बोटं. गड्याने भांडी घासायच्या लिक्विडची बाटली वितळवून टोपणं केली आणि बँजोच्या हलक्या तारा लावल्या, पुढे त्या ढिल्या पण केल्या. आज जो जड, खालचा आवाज आपण मेटल म्हणून ऐकतो त्यातला बराचसा या अडचणीतून आलाय. आमच्या ऑफिसमधे एक जण साठ हजाराची गिटार नसल्याने प्रॅक्टिस होत नाही म्हणतो, त्याला ही गोष्ट सांगून झाली, उपयोग शून्य.

कराडकर_९१:

परदेशी साहेब गोष्ट भारी पण आजच्या पोरांना स्टार क्लब कुठून आणायचा? इथे पबवाल्याला कव्हर्स पाहिजेत, तेही शुक्रवारी बॉलिवूड आणि शनिवारी नव्वदीची गाणी. उघड्यावर दहा वाजले की लाउडस्पीकर बंद, नियमच आहे. आणि साडेनऊला सोसायटीचा सेक्रेटरी येतो, त्याला नियम पण लागत नाही.

ब्लडीवूड हा मेटल बँड बघा ना. दिल्लीतला करण कटियार वकिलीची नोकरी सोडून बसला आणि जयंत भदुलाबरोबर २०१६ पासून यूट्यूबवर गमतीजमतीचे मेटल व्हिडिओ टाकायला लागला, पॉप गाणी मेटलमध्ये वाजवायची वगैरे. त्यातून लोक जमले, मग स्वतःची गाणी, ढोल आणि हिंदी-पंजाबी शब्द घेऊन, आणि २०१९ ला थेट जर्मनीत वाकेन या मेटल फेस्टिवलच्या स्टेजवर. स्वतःच्या गाण्यांचा अल्बम तर २०२२ ला आला. म्हणजे आधी वर्षानुवर्षं क्लब आणि मग रेकॉर्ड हे काही ब्रह्मवाक्य नाही. माझं मत गिटारवाल्याच्या बाजूने, पण पंचेचाळीस हजार एका गाण्यात घालू नका. साधा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा), दोन माइक, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, साठ दिवस फुकट चालतं, नंतर पण स्वस्त आहे) आणि दर पंधरा दिवसांनी काहीतरी टाका.

फेडर_दादा:

कराडकर, पटलं, पण एक बघा, करण कटियार गाणी स्वतः बसवतो, रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं डोकं बँडच्या घरातलंच. यांच्यात मिक्स कोणाला येतं? एकाने शिकून घ्यायला लागेल, आणि शिकायला वर्ष जाईल. घ्या शिकून, वाईट नाही, मी तसाच शिकलो.

धोबीतलाव_१९८६:

माझं वय नावावरून कळेलच. मी मुंबईच्या रंगभवनला उभा राहून रॉक मशीन हा बँड ऐकलाय. तिथे इंडिपेन्डन्स रॉक हे फेस्टिवल १९८६ ला सुरू झालं, ओपन एअर, झेविअर्सच्या शेजारी, मच्छर आणि घाम आणि मागच्या बाजूला आमच्यासारखे गिरगावातले. आता तिथे काही होत नाही, सायलेन्स झोन म्हणून बंद झालं, जाताना नुसतं गेट दिसतं.

त्यावेळी पब्लिकला फक्त परदेशी गाणी हुबेहूब पाहिजे असायची. स्वतःचं गाणं लावलं की लोक वडापाव खायला जायचे, अतिशयोक्ती नाही, मी स्वतः जायचो. रॉक मशीनचे महेश तिनईकर, उदय बेनेगल ही मंडळी तरी १९८८ ला स्वतःच्या गाण्यांचा अल्बम घेऊन आली. कसं केलं? मला जे दिसलं ते सांगतो: चार ओळखीच्या गाण्यांमधे एक स्वतःचं, आणि ते न सांगता. लोक माना हलवत असायचे आणि संपल्यावर कळायचं की हे यांचंच होतं. १९९३ ला बँडचं नाव बदलून इंडस क्रीड केलं तोवर लोक त्यांची गाणी त्यांच्याबरोबर म्हणत होते. तुमची पाच गाणी आहेत ना, मग सेटच्या सुरुवातीला किंवा शेवटी नका ठेवू, मधे पेरा.

आणि त्या पबवाल्याकडे परत जाऊ नका. पुढच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या, किती, कधी, जेवण कोणाचं.

ओवी_आणि_ओव्हरड्राइव्ह:

मराठी शब्दांना हसू येतं यावर कोणीच बोललं नाही म्हणून मी लिहिते. मी गाते, आणि आमच्याही बँडचं सुरुवातीला हेच झालं होतं. चूक रॉकची नाही आणि मराठीचीही नाही, आपण इंग्रजी गाण्याची चाल डोक्यात ठेवून त्यावर मराठी शब्द कोंबतो. "पाऊस" बोलताना आपण पा-ऊस असं दोन ठोक्यांत बोलतो, लिहिताना अक्षरं तीन. चाल जर दोनची असेल आणि तुम्ही शेवटच्या "स"वर ताणत बसलात तर "पाऊसाऽऽ" होतं आणि मग हसू येणारच. ताण द्यायचा तर "ऊ"वर द्या, तो दीर्घ आहे, त्याच्यात जागा आहे.

आपल्याकडे यावर कित्येक शतकं काम होऊन पडलंय हो. मोठा अभंग बघा, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. मी पोरांना शिकवायला एक केलाय:

बस नाही आली
पाऊस पडतो
छत्री विसरतो
घरी रोज

(हसा.) पण तो शेवटचा चार अक्षरांचा तुकडा बघा, तिथे दोन अक्षरांची जागा रिकामी राहते, त्या रिकाम्या जागेत गिटारचा रिफ (परत परत येणारा छोटा तुकडा) येतो! भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे तुमच्या फोर-फोरचे सरळ दोन बार, काही मोडतोड करायला लागत नाही. वारीत टाळ ज्या ठिकाणी पडतो तिथे ड्रमरला हायहॅट (पायाने मिटणारी सिंबलची जोडी) मारून बघायला सांगा. अभंग रिपोस्ट हा बँड मुंबईचा, बेस-ड्रम-गिटारवर अभंगच गातात आणि कोणी हसत नाही, उलट समोरची पोरं माउली माउली करत असतात. तुम्ही अभंग गा असं म्हणत नाहीये, पण लिहायच्या आधी शब्द मोठ्याने बोलून बघा, टाळी देत.

बाकी एक खोचक प्रश्न: पाच गाणी "आमची" म्हणजे कोणाची? शब्द कोणाचे, चाल कोणाची, ठरलंय?

बेसूर_बेसिस्ट:

बाप रे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. ओवीताई, नाही ठरलेलं. म्हणजे शब्द बहुतेक गाणाऱ्याचे, चाली जॅममध्ये झाल्या. आणि ड्रमरचे २५ हजार आहेत म्हणून तो परवा चिडून म्हणाला की मग गाण्यावर माझं नाव पहिलं. विषय तिथेच सोडला, दोन दिवस कोणी ग्रुपवर बोललं नाही.

पेठेतला_परदेशी:

हाहा, निर्वाणा या अमेरिकन बँडचा जेसन एव्हरमन! त्यांचा पहिला अल्बम सिअ‍ॅटलला सहाशे सहा डॉलर आणि काही सेंटमध्ये झाला, ते पैसे या एव्हरमनने भरले. अल्बमवर गिटारिस्ट म्हणून त्याचं नाव आणि फोटो आहे, वाजवली एक तार पण नाही. अल्बम १९८९ च्या जूनमध्ये आला आणि पुढच्या एक-दोन महिन्यांत तो बँडमधून बाहेर. तुमचा ड्रमर निदान वाजवतो तरी.

फेडर_दादा:

पैसे आणि गाण्याचा हक्क या दोन वेगळ्या वह्या ठेवा. ड्रमरचे २५ हजार हे उसने, गिगच्या पैशातून आधी त्याचे फेडायचे, तारखेसकट लिहा. गाण्याचं श्रेय वेगळं. आर.ई.एम. या बँडने सुरुवातीपासून सगळी गाणी चौघांच्या नावावर ठेवली. क्वीन या बँडची पद्धत उलटी, ज्याने लिहिलं त्याचं नाव, आणि त्यावरून वर्षानुवर्षं धुसफूस, कारण सिंगलच्या मागच्या बाजूला ज्याचं गाणं त्यालाही पुढच्या बाजूएवढेच पैसे. शेवटी १९८९ च्या अल्बमला त्यांनीही सगळं "क्वीन" नावावर लावलं. जे काय ठरवाल ते रिलीजच्या आधी ठरवा, पुढे आयपीआरएसला (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नोंद करताना गीतकार-संगीतकार कोण हे टक्क्यांत लिहायला लागतं, तेव्हा नळावरचं भांडण होतं.

बेसूर_बेसिस्ट:

ओके, काल चहावर बसलो चौघं. चाली चौघांच्या, शब्द लिहिणाऱ्याचे, असं ठरलं, ड्रमरच्या पैशांचं वहीत लिहिलं, त्याने सही करताना पेन आपटलं पण केली. स्टुडिओ दिवाळीनंतर, एकच दिवस, तीन गाणी, सगळे एकत्र वाजवून, फक्त गायचा आवाज नंतर वरून. तोवर गाणाऱ्याच्या मामाचं भोरला मंगल कार्यालय आहे, लग्नं नसतात त्या दिवशी रिकामं मिळतंय, दर रविवारी तिथे जाऊन सलग दोन तास सेट वाजवायचा आणि फोन दारापाशी! मामाची अट एकच, जेवणावळीच्या टेबलांना हात लावायचा नाही. आता शेवटचा प्रश्न, ड्रमसेट टेम्पोतून न्यायचा तर कसा बांधतात?

कराडकर_९१:

सिंबल गाद्यांच्या मधे, आडवे ठेवू नका, उभे. आणि बेस ड्रमच्या पोटात उशा कोंबा, माझ्या भावाने रिकामा नेला होता, कात्रजच्या घाटात गडगडत जाऊन टेम्पोवाल्याच्या पाठीत बसला.